मेंदूचा रक्तप्रवाह आणि त्याचे विकार: संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान उपचारांचा सल्ला देण्यासाठी नाही. मेंदूच्या रक्तप्रवाहावरचं संशोधन काय सांगतं, कशाच्या आधारावर सांगतं आणि कुठे कुठे तोंडघशी पडलं, हे विचारणाऱ्यांसाठी आहे. पण आत्ता तुमच्यासमोर कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं असेल, एका बाजूचा हात उचलत नसेल किंवा जीभ जड झाली असेल, तर वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका. वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

मेंदूच्या रक्तप्रवाहाचे विकार म्हणजे पक्षाघातच ना?

पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक, हा त्यातला सर्वांत मोठा विकार. जगात दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख लोकांना नव्याने स्ट्रोक येतो. त्यांच्यातल्या साधारण ६० टक्क्यांहून थोड्या अधिक जणांत रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. उरलेल्यांत ती फुटते, कधी मेंदूच्या आत, कधी मेंदूवरच्या आवरणाखाली.

पण यादी इथे संपत नाही. काही मिनिटांत ओसरणारा छोटा झटका (टीआयए), मानेतल्या कॅरोटिड धमनीचं अरुंद होणं, मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये होणारी गुठळी (बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हिचा धोका वाढतो), मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू बंद करणारा मोयामोया, आणि वर्षानुवर्षं चुपचाप चालणारा सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार, हे सगळे याच घरातले. स्मृतिभ्रंशाचा मोठा भागही यांच्याशी जोडलेला आहे, त्याबद्दल पुढे.

मेंदूला रक्ताची एवढी निकड का? बाकीचे अवयव तर बराच वेळ तग धरतात.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी मात्र सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. स्नायूंकडे अडीअडचणीसाठी इंधनाचा साठा असतो, मेंदूकडे तो नगण्य आहे. प्रवाह पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

एवढ्या परावलंबी अवयवासाठी शरीरात दोन तजविजी आहेत. पहिली, मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, आणि त्या ग्रंथातल्या आकृत्यांमागचा हात पुढे वास्तुविशारद म्हणून गाजलेल्या ख्रिस्तोफर रेन यांचा होता. एका बाजूने रक्त अडलं तर दुसरीकडून वळवायची सोय, असं हे कडं. मात्र पुष्कळ लोकांत ते जन्मतःच अपुरं असतं. गुठळी तीच आणि जागाही तीच, तरी एक जण आठवड्यात चालू लागतो आणि दुसरा अंथरुणाला खिळतो, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरी तजवीज म्हणजे स्वयंनियमन. रक्तदाब खाली-वर झाला तरी मेंदूतल्या वाहिन्या रुंद किंवा अरुंद होऊन प्रवाह सांभाळून घेतात. डेन्मार्कच्या नील्स लासेन यांनी १९५९ मध्ये मांडलेला आलेख वैद्यकीय विद्यार्थी आजही पाठ करतात: सरासरी रक्तदाब ६० ते १५० च्या दरम्यान कितीही असो, प्रवाह सपाट. अलीकडच्या मोजमापांवरून हा सपाट पट्टा बराच अरुंद असावा असं दिसतं. पाठ्यपुस्तकातला तो आलेख मात्र हटायला तयार नाही.

कवटीच्या आतला रक्तप्रवाह मोजतात तरी कसा?

पहिली भरवशाची पद्धत १९४५ मध्ये अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी बसवली. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा, आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूकडून येणाऱ्या रक्तात त्याचं प्रमाण किती फरकाने वाढतं यावरून प्रवाह काढायचा. उत्तर आलं ते मेंदूच्या दर १०० ग्रॅममागे मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास, आणि तो आकडा अजून टिकून आहे. गंमत अशी, की पुढे याच पद्धतीने लोकांना डोक्यातल्या डोक्यात गणितं करायला लावून पाहिलं, तर एकूण प्रवाहात फरकच पडला नाही. प्रवाह वाढतो तो काम करणाऱ्या ठरावीक भागात, आणि तेवढं बारीक पाहण्याची साधनं यायला आणखी काही दशकं जावी लागली.

आज सिटी किंवा एमआरआय परफ्युजन स्कॅन काही मिनिटांत भागवार नकाशा देतो. कवटीवर प्रोब टेकवून करायची डॉपलर तपासणी १९८२ पासून वापरात आहे. ती स्वस्त आहे, खाटेपाशी करता येते, पण ती रक्ताचा वेग सांगते, रक्त किती वाहतं ते नाही. रिपोर्ट वाचताना हा फरक लक्षात ठेवा: अरुंद झालेल्या वाहिनीत वेग वाढतो आणि रक्त मात्र कमी पोचतं.

‘पेनम्ब्रा’ हा शब्द डॉक्टर सारखा वापरतात. तो काय प्रकार आहे?

आधुनिक स्ट्रोक-उपचाराचा सगळा डोलारा या कल्पनेवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

नेहमीचा प्रवाह ५० धरा. तो २० च्या खाली उतरला की चेतापेशी काम थांबवतात. संदेश बंद, हात लुळा, बोलणं बंद. तो १० च्याही खाली गेला की पेशीला स्वतःचं आवरण सांभाळण्याइतकीही ऊर्जा मिळत नाही आणि ती मरते. या दोन उंबरठ्यांच्या मधल्या पेशी गप्प झालेल्या असतात, मेलेल्या नसतात. १९७० च्या दशकात बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांतून हे उंबरठे हाती लागले आणि १९८१ मध्ये आस्ट्रुप, सिएस्यो आणि सायमन यांनी या मधल्या पट्ट्याची, म्हणजेच पेनम्ब्राची, कल्पना नीट मांडली.

याचा अर्थ असा, की झटक्यानंतर पहिल्या तासात रुग्णाचा हात अजिबात हलत नसला, तरी तो हलवणारा मेंदूचा भाग कदाचित जिवंत आहे. मध्यभागी मेलेला गाभा असतो, भोवती हा वाचवता येण्याजोगा भाग असतो, आणि वेळ जाईल तसा गाभा पसरत जातो. किती वेगाने पसरतो, हे आजूबाजूच्या वाहिन्या किती रक्त पुरवतात त्यावर ठरतं.

‘दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात’ हे खरं का?

तो आकडा अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशोबातून आला आहे. हिशोब मोठ्या धमनीच्या नेहमीसारख्या स्ट्रोकचा आणि सरासरीचा आहे. प्रत्यक्षात कुणाचा गाभा दोन तासांत भरून जातो, कुणाचा बारा तासांनंतरही लहानच असतो. लोकांना घाई करायला लावण्यासाठी आकडा उत्तम, पण ‘सहा तास झाले, आता काय उपयोग’ असं म्हणण्यासाठी तो वापरला जातो, ते चूक आहे.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मर्यादा का?

कारण चाचण्या तेवढ्याच वेळेच्या झाल्या. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अल्टेप्लेज हे औषध तीन तासांच्या आत दिलं. तिच्या मुख्य भागात तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेले रुग्ण औषध घेतलेल्यांत ३९ टक्के होते, न घेतलेल्यांत २६ टक्के. त्याची किंमतही होती: मेंदूत त्रासदायक रक्तस्राव ०.६ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर गेला. एवढा धोका धरूनही निकाल औषधाच्या बाजूने लागला, आणि २००८ च्या युरोपीय चाचणीने खिडकी साडेचार तासांपर्यंत वाढवली. तिथे फायदा लहान होता, ५२ विरुद्ध ४५ टक्के.

साडेचार तासांनी मेंदूत काही दार धाडकन बंद होत नाही. झोपेत स्ट्रोक आलेल्यांचं उदाहरण घ्या. त्यांची वेळच माहीत नसते, म्हणून पूर्वी त्यांना हे औषध मिळायचं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत घड्याळाऐवजी एमआरआय पाहून रुग्ण निवडले आणि त्यांनाही फायदा झाला.

आता बऱ्याच ठिकाणी अल्टेप्लेजची जागा टेनेक्टेप्लेज घेत आहे. परिणाम तोडीस तोड आहे, आणि तासभर सलाइनमधून देण्याऐवजी एका दमात इंजेक्शन देता येतं. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवायचं असेल तेव्हा हा फरक फार मोठा ठरतो.

गुठळी तारेने ओढून काढण्याच्या उपचाराला इतकी वर्षं का लागली?

२०१३ मध्ये हा उपचार जवळजवळ मोडीत निघाला होता. एकाच सुमारास तीन चाचण्या आल्या आणि तिन्हींनी सांगितलं, फायदा नाही. अनेकांनी विषय संपला असं मानलं.

दोनच वर्षांनी, २०१५ च्या जानेवारीत, नेदरलँड्समधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण ३३ टक्के, उपचार न मिळालेल्या गटात १९ टक्के. त्याच वर्षी आणखी चार चाचण्यांनी दुजोरा दिला. पाचही चाचण्यांचे १,२८७ रुग्ण एकत्र मोजल्यावर चित्र ४६ विरुद्ध २६.५ टक्के असं आलं. अडीच-तीन रुग्णांवर उपचार केले की त्यांतल्या एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने कमी होतं. अख्ख्या वैद्यकात इतका जोरकस परिणाम क्वचित दिसतो.

मधल्या काळात मेंदू बदलला नव्हता. आधीच्या चाचण्यांत जुनी, गुठळीवरची पकड सुटणारी साधनं होती, उपचार उशिरा सुरू होत होते, आणि मोठी धमनी खरोखर बंद आहे का हे आधी न पाहताच बऱ्याच जणांना चाचणीत घेतलं होतं. ज्याच्या धमनीत ओढायला गुठळीच नाही त्याला या उपचाराचा उपयोग काय होणार? माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत शिकण्यासारखा प्रसंग हाच. ‘चाचणीत उपयोग दिसला नाही’ हे ऐकलं की पहिला प्रश्न विचारावा, कुणावर, कशाने आणि किती वेळाने?

त्यानंतर २०१८ मध्ये मर्यादा आणखी सरकली. एका चाचणीत ६ ते २४ तासांमधल्या, पण स्कॅनवर वाचवण्याजोगा भाग दिसणाऱ्या २०६ जणांना घेतलं: ४९ टक्के स्वावलंबी, दुसऱ्या गटात १३. आणि २०२२ पासूनच्या चाचण्या सांगतात, की गाभा बराच मोठा असला तरी काहींना फायदा होतो. अर्थात अशांपैकी अनेक जण वाचूनही परावलंबी राहतात, ही गोष्ट बातम्यांत येत नाही.

उंदरांवर चालणारी औषधं माणसांवर का फसतात?

२००६ मध्ये एका पाहणीत मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी प्रयोगशाळांत अजमावलेल्या उपचारांची मोजदाद केली गेली. आकडा आला १,०२६. त्यातला एकही तोवर ‘पेशीरक्षक’ म्हणून माणसांच्या नेहमीच्या उपचारात टिकला नव्हता.

कारणं बरीच आहेत, आणि काही ऐकून कपाळावर हात मारावा अशी. प्रयोगातला उंदीर तरुण, निरोगी आणि बहुतेक वेळा नर. स्ट्रोकचा रुग्ण सत्तरीतला, मधुमेही, बीपीच्या गोळ्या घेणारा. उंदराच्या धमनीत बारीक दोरा घालून ती अडवतात आणि ठरल्या वेळी दोरा काढून घेतात, माणसाच्या गुठळीला असं वेळापत्रक नसतं. औषध उंदराला झटक्याआधी किंवा लगेच मिळतं, माणसाला कित्येक तासांनी. शिवाय अनेक प्रयोगांत कोणत्या प्राण्याला औषध दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत असायचं, आणि नकारात्मक निकाल छापलेच जायचे नाहीत.

१९९९ मध्ये संशोधकांनी यावर नियमावली केली. ती बरीचशी पाळून आलेल्या एनएक्सवाय-०५९ या औषधाने पहिल्या मोठ्या चाचणीत आशा दाखवली, आणि २००७ मध्ये दुसऱ्या, आणखी मोठ्या चाचणीत ते सपशेल पडलं. औषध कंपन्यांचा उत्साह त्यानंतर बरीच वर्षं मावळला. आता विचार वेगळा आहे: आधी गुठळी काढून वाट मोकळी करा आणि मग औषध द्या, म्हणजे ते निदान पोचेल तरी.

पण मुळात रक्तप्रवाह कमी पडतोय, तर तो वाढवला की झालं! यात अवघड काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि या क्षेत्राने सर्वांत जास्त ठेचाही इथेच खाल्ल्या आहेत.

१९६७ मध्ये झ्युरिकच्या गाझी याशरगिल यांनी टाळूवरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडण्याची नाजूक शस्त्रक्रिया (बायपास) केली. तर्क बिनतोड वाटतो. आत वाट अरुंद आहे, तर बाहेरून नवी वाट द्या. शस्त्रक्रिया जगभर पसरली. १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: जोडलेली धमनी ९६ टक्के रुग्णांत छान वाहत होती, आणि स्ट्रोक कमी झाले नव्हते. वाट उघडी, फायदा शून्य.

समर्थक म्हणाले, रुग्ण चुकीचे निवडले. ज्यांच्या मेंदूला खरोखर रक्त कमी पडतं त्यांनाच घ्यायला हवं होतं. रास्त मुद्दा. म्हणून २०११ च्या चाचणीत पेट स्कॅन करून नेमके तसेच रुग्ण घेतले. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया झालेल्यांत २१ टक्के आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांत २२.७ टक्के जणांना स्ट्रोक. पहिल्या महिन्यात तर शस्त्रक्रियेचा गट फारच मागे होता. औषधांवरच्या गटाची अपेक्षेपेक्षा बरी स्थिती हाही त्या निकालाचा मोठा भाग होता.

त्याच वर्षी मेंदूतल्या अरुंद धमनीत स्टेंट घालण्याची चाचणी मधेच थांबवावी लागली: तीस दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, फक्त औषधं आणि जीवनशैलीवर कडक लक्ष ठेवलेल्यांत ५.८ टक्के. वाहिनी फुटल्यानंतर इतर धमन्या आकसतात, तो आकस कमी करणारं क्लाझोसेंटान हे औषध स्कॅनवर झकास काम करतं, पण मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत रुग्णांची अवस्था त्यामुळे सुधारलेली दिसली नाही. जपानने ते मंजूर केलं आहे, बाकीचे साशंक आहेत.

म्हणून स्कॅनवरचा सुधारलेला प्रवाह दाखवून कुणी ‘उपचार यशस्वी’ म्हणालं, तर विचारावं की माणूस तीन महिन्यांनी कसा होता. याचसाठी बहुतेक चाचण्या एका साध्या मोजपट्टीवर निकाल देतात, जिचा पाया ग्लासगोच्या जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये घातला: शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. मधल्या पायऱ्या चालता येतं का, स्वतःची कामं जमतात का, अशा.

प्रवाह वाढवणं नेहमीच व्यर्थ असतं, असंही नाही. मोयामोयात बायपासला भक्कम जागा आहे. मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या मोयामोयाच्या प्रौढ रुग्णांत बायपासने पुन्हा रक्तस्रावाचा धोका कमी होतो असं २०१४ च्या जपानी चाचणीत दिसलं. आणि मानेतली कॅरोटिड धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असून तिच्यामुळे झटका आलेला असेल, तर ती साफ केल्याने पुढच्या दोन वर्षांतला त्या बाजूच्या स्ट्रोकचा धोका २६ वरून ९ टक्क्यांवर येतो, हे १९९१ पासून माहीत आहे. तिथे फायदा बहुधा प्रवाह वाढल्याचा कमी आणि गुठळ्या सोडणारा खडबडीत थर निघून गेल्याचा जास्त.

मग ‘मेंदूचा रक्तप्रवाह वाढवणाऱ्या’ गोळ्या, अर्क वगैरे?

वरचं उत्तर पुन्हा वाचा. जिंको बिलोबा या झाडाच्या पानांच्या अर्काची चाचणी तीन हजारांहून अधिक वृद्धांवर झाली, २००८ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही.

टीआयए आपोआप बरा होतो, तर एवढी धावपळ कशाला?

कारण खरा स्ट्रोक येण्याचा धोका पुढच्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो. ऑक्सफर्डमध्ये २००७ मध्ये दिसलं, की अशा रुग्णांना ताबडतोब तपासून औषधं सुरू केली तर पुढच्या तीन महिन्यांतले स्ट्रोक सुमारे ८० टक्क्यांनी घटतात. औषधं जुनीच होती. फक्त ती लगेच दिली.

बातमीत ‘धोका ३२ टक्क्यांनी घटला’ असं असतं. तो किती मानायचा?

मूळ आकडे शोधा. २०१३ मध्ये चीनमध्ये ५,१७० रुग्णांवर टीआयए किंवा सौम्य स्ट्रोकनंतर नुसती ॲस्पिरिन आणि ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल (गुठळी होऊ न देणारं दुसरं औषध) अशी तुलना झाली. तीन महिन्यांत स्ट्रोक: ११.७ विरुद्ध ८.२ टक्के. हेच ‘३२ टक्क्यांनी कमी’ असंही सांगता येतं आणि ‘शंभरातल्या साडेतीन जणांचा टळला’ असंही. दोन्ही खरं. घरच्यांना समजावताना दुसरं वाक्य वापरावं.

लहान आकड्यालाही कमी लेखू नका. स्ट्रोकनंतर लगेच ॲस्पिरिन दिल्याने हजारामागे साधारण ९ जणांचा मृत्यू किंवा पुन्हा येणारा स्ट्रोक टळतो, हे दाखवायला १९९७ मध्ये दोन चाचण्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण लागले. फायदा इवलासा, पण औषध स्वस्त आणि रुग्ण लाखोंनी.

लहान मुलांनाही स्ट्रोक येतो का?

येतो. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलांत धोका खूप असतो, आणि या क्षेत्रातली सर्वांत देखणी यशोगाथाही त्यांचीच. डॉपलरवर मेंदूच्या धमनीतला वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आढळला, तर ते मूल धोक्यात. अशा १३० मुलांवरची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. नियमित रक्त चढवल्याने पहिल्या स्ट्रोकचा धोका ९२ टक्क्यांनी घटला, इतका स्पष्ट की चाचणी वेळेआधी थांबवून सगळ्यांना उपचार देऊ केले. पुढच्या चाचणीत रक्त चढवणं थांबवून पाहिलं, तर धोका परत आला. वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही, एका साध्या प्रोबने मुलाचा पुढचा स्ट्रोक ओळखता येतो. तरीही जिथे सिकलसेल सर्वाधिक आहे, त्याच प्रदेशांत ही तपासणी सर्वांत कमी होते.

ब्रेन हॅमरेजवर संशोधन मागे का पडलं?

तिथे उघडण्यासारखी वाहिनी नसते. साचलेलं रक्त कवटी उघडून काढलं तर वाटेतल्या चांगल्या मेंदूला इजा होते, म्हणून शस्त्रक्रियेच्या चाचण्या वर्षानुवर्षं निराशा देत राहिल्या. अलीकडे चित्र हललं आहे. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत रक्तदाब, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम हे सगळं पहिल्या काही तासांत एकत्र आवरल्याने रुग्णांची स्थिती सुधारली. २०२४ मध्ये बारीक नळीतून लवकर रक्त काढण्याचा फायदा दिसला, मुख्यतः रक्तस्राव मेंदूच्या पृष्ठभागाजवळ असलेल्यांत. फुगा येऊन फुटलेल्या धमनीसाठी कॉइल (धमनीतून नळी नेऊन फुग्यात भरायची बारीक तार) की क्लिप (कवटी उघडून फुग्याला लावायचा चिमटा), हा वाद २००२ मध्ये बराचसा मिटला: दोन्ही शक्य असतील तिथे वर्षानंतर मृत किंवा परावलंबी असलेले कॉइलमध्ये २३.७ टक्के, क्लिपमध्ये ३०.६.

वाढत्या वयातल्या विस्मरणाचा रक्तप्रवाहाशी काय संबंध?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे बदल’ असं वाचून पुष्कळ जण घाबरतात. साठीनंतर थोडेफार पांढरे ठिपके फार लोकांत दिसतात. प्रश्न किती आणि किती वेगाने वाढतात हा. या आजाराचं तरुण वयातलं, आनुवंशिक रूप म्हणजे कॅडासिल. त्यामागचं नॉच-३ हे जनुक १९९६ मध्ये सापडलं आणि वाहिन्यांची भिंत कशी बिघडते याचा मागमूस तिथून लागला.

उपायांपैकी रक्तदाबावर नियंत्रण हा सर्वांत पक्का. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नऊ हजारांहून अधिक लोकांच्या अमेरिकी चाचणीत वरचा आकडा १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला. स्मरणशक्तीतली सौम्य घट १९ टक्क्यांनी कमी झाली. स्मृतिभ्रंशातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. अर्थात म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब हव्या त्या वेगाने खाली आणावा असा याचा अर्थ नव्हे, कारण स्वयंनियमन बिघडलेल्या मेंदूत दाब उतरला की प्रवाहही उतरतो. चक्कर येऊन पडलं तर मिळवलेलं सगळं वाया.

ऑक्सिजन लावणं, सपाट झोपवणं, लगेच चालवणं, याला तर संशोधन लागत नाही ना?

लागतं, आणि निकाल अंदाजाला सोडून आले. ऑक्सिजनची पातळी ठीक असलेल्या रुग्णांना सरसकट ऑक्सिजन देण्याची चाचणी आठ हजार जणांवर झाली, काही फायदा नाही. डोकं सपाट ठेवावं की उंच, यावर अकरा हजारांची: काही फरक नाही. दोन्ही २०१७ च्या. २०१५ मध्ये सर्वांत धक्कादायक निकाल आला. चोवीस तासांच्या आत, वारंवार आणि जोमाने उठवून चालवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीपेक्षा थोडी वाईट होती: चांगल्या स्थितीत असलेले ४६ विरुद्ध ५० टक्के. व्यायाम हवाच, पण पहिल्या दिवशी जबरदस्ती नको. नातेवाइकांच्या उत्साहाला हे सांगणं जड जातं.

वाहिनी उघडली तरी काही रुग्ण सुधारत नाहीत, असं का?

सध्याच्या संशोधनातला सर्वांत रंगतदार प्रश्न. मोठी धमनी मोकळी झाली तरी पुढच्या केशवाहिन्या बंदच राहतात, असा एक संशय आहे. केशवाहिन्यांना मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी रक्त तुटल्यावर आकसतात आणि गुठळी निघाल्यावरही सैल होत नाहीत, हे तुर्कस्तानातल्या गटाने २००९ मध्ये उंदरांत दाखवलं. त्या आकसलेल्या अवस्थेतच मरतात, हे लंडनच्या गटाने २०१४ मध्ये. माणसांत यावर इलाज म्हणून गुठळी काढल्यानंतर धमनीतच थोडं गुठळीनाशक सोडण्याच्या चाचण्या चालू आहेत. आतापर्यंतचे निकाल संमिश्र. उंदरांबद्दल वर जे लिहिलं ते इथेही लागू आहेच.

स्टेम सेलने मेलेला भाग परत येतो का?

आजवरच्या चाचण्यांवरून कुठल्याही पेशी-उपचाराला नेहमीच्या स्ट्रोक-उपचारात जागा मिळालेली नाही. चाचणीत सहभागी होण्यासाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल, तर तो धंदा आहे.

रुग्णालयात चाचणीत भाग घ्यायचा का विचारलं. काय पाहावं?

संमतीपत्राची प्रत मागा. चाचणीची नोंदणी सार्वजनिक नोंदवहीत झाली आहे का, नैतिक समितीची मंजुरी आहे का, इजा झाल्यास उपचार कोण करणार, आणि दुसऱ्या गटाला काय मिळणार, हे विचारा. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. चांगल्या चाचणीत तुलनेच्या गटाला आजचा सर्वोत्तम प्रमाणित उपचार मिळतोच, प्रायोगिक भाग त्याच्या वर असतो. आपल्याला कोणता गट मिळावा हे डॉक्टरही ठरवत नाहीत, ते यदृच्छेने ठरतं, आणि त्यासाठी ओळख लावून उपयोग नाही. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार तसेच चालू राहायला हवेत.

रुग्णाला बोलता येत नसेल आणि घड्याळ पळत असेल, तर संमती कोण देतं?

बहुतेक ठिकाणी जवळचा नातेवाईक किंवा कायद्याने नेमलेली व्यक्ती. काही देशांत, काटेकोर अटींखाली, आधी उपचार आणि नंतर संमती अशीही मुभा आहे, कारण कागद वाचण्यात गेलेला अर्धा तास गाभा वाढवतो. रुग्ण शुद्धीवर आला की त्याला सगळं सांगून त्याची स्वतःची संमती घेतली जाते. त्याने तेव्हा नाही म्हटलं, तर पुढची माहिती गोळा करणं थांबतं.